पंगतीचा पुरावा

आमच्या मळ्यात माझे वडील एक म्हण दिवसातून एकदा तरी म्हणायचे, "शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये." बांधावरून भावकीशी वाजलं की म्हणायचे, आणि काही वाजलेलं नसलं तरी गुलाबाच्या जुड्या बांधता बांधता उगाचच म्हणायचे. आणि त्यांची थोरली लेक काय झाली? सरकारी वकील! नाशिकच्या सीबीएस स्टँडजवळच्या आमच्या कोर्टाची पायरी मी सगळी नोकरीभर चढले नि उतरले. आता गुडघे कुरकुरतात, पण त्या पायरीची आठवण निघाली की अजून हुरूप येतो.

संपादकबाईंनी फोन केला, "ताई, दिवाळीसाठी काहीतरी थरारक द्या. एखादा खून-बिन." मी म्हटलं, "खुनाचं मी नाही लिहिणार. मेलेला माणूस कोर्टात बोलत नाही. मी शिक्षेबद्दल लिहिते." शिक्षेत कसला आलाय थरार, असं मनात आलं असणार त्यांच्या. तुमच्याही आलं असेल. जरा थांबा.

लग्नाच्या मांडवात, हळदीकुंकवात, त्र्यंबकच्या एसटीत, कुठंही गेले तरी एक प्रश्न ठरलेला. "वकीलबाई, अपहरणाला किती हो?" मेथीच्या जुडीचा भाव विचारावा तसं! अहो, कायद्यात असा भाव लिहिलेला नसतो. कायदा म्हणतो, माणसाला जबर दुखापत करायच्या इराद्यानं पळवून नेलं तर दहा वर्षांपर्यंत. हत्यारानं हाडं मोडली तर त्याहून वर, थेट जन्मठेपेपर्यंत. म्हणजे कायदा फक्त शेवटचं कुंपण दाखवतो. त्या कुंपणाच्या आत दोन वर्षं, पाच वर्षं की नऊ, हे जज्जसाहेबांनी ठरवायचं असतं. एकच अपवाद सांगते. पळवून नेऊन जिवाची धमकी देत कुणी घरच्यांकडे खंडणी मागितली, तर तिथं जन्मठेपेच्या खाली उतरताच येत नाही. एका फोनपायी आयुष्य तुरुंगात गेलेला एक पठ्ठ्या मी पाहिलाय. फोन केला नसता तर काही वर्षांत सुटून पोरीच्या लग्नाला उभा राहिला असता.

माझे वडील एकदाच कोर्टात येऊन बसले होते. मी तावातावानं दहा वर्षं मागितली, समोरचा वकील दोनवर अडून बसला, साहेबांनी पाच दिली. बाहेर आल्यावर वडील म्हणाले, "हा तर लिलाव आहे गं. तू दहा म्हणतेस, तो दोन म्हणतो, साहेब पाचाला तोडतो. मग मार्केट यार्डात नि इथं फरक काय?" मला असा संताप आला की रात्री ताटावर बसेपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. मग बोलले. "मार्केटात टोमॅटोला कुणी विचारतं का, बाबा तुझं काय म्हणणं आहे? कोर्टात विचारतात." वडील हसले आणि म्हणाले, "बरं बाई, वाढ."

खरंच विचारतात. गुन्हा शाबीत झाला की साहेब लगेच शिक्षा ठोठावत नाहीत. आधी आरोपीला विचारतात, शिक्षेबाबत तुला काय सांगायचंय? कायदाच आहे तसा. आणि त्यावर बहुतेकांचं उत्तर एकच, वकिलानं पढवलेलं. म्हातारे आईबाप, लहान लेकरं, घरात मीच कमावता, पहिलाच गुन्हा, दया करावी. एकदा एका तरुणानं हे सगळं एका दमात म्हटलं, तर मागच्या बाकावरून त्याची आई ओरडली, "मेल्या, लेकरं कुठली? लग्न तरी झालंय का तुझं?" साहेबांनी खाली वाकून काहीतरी शोधल्यासारखं केलं. हसत होते, दुसरं काय! दुसरा एक जुना, सराईत गडी. तो म्हणाला, "साहेब, किती द्यायची ती द्या, पण नाशिकरोडलाच ठेवा. बाहेरगावच्या जेलात आमटीला चव नसते." त्याच्यापुढं मी काय युक्तिवाद करणार, कपाळ?

मग साहेब तोलायला बसतात. हत्यार होतं का? आधीपासून ठरवून नेलं की रागाच्या भरात? एकट्याला कितीजणांनी धरलं? मारलं कुठं, पाठीवर की डोक्यावर? मारणारा कोण, धरणारा कोण, नुसता गाडी चालवणारा कोण? सुक्याबरोबर ओलं जळू नये म्हणून प्रत्येकाची शिक्षा वेगळी मोजायची. आधीचा गुन्हा आहे का, वय काय, घरी कोण आहे, हे दुसऱ्या पारड्यात. खटला चालू असताना जितका काळ आत काढला, तितका वजा.

आणि सगळ्यांत गोंधळाची गोष्ट म्हणजे, वेगवेगळ्या कलमांच्या शिक्षा बहुतेक वेळा एकत्रच भोगायच्या असतात. कळवणकडच्या एका घरातल्या माणसाला जमिनीच्या वादातून उचलून नेऊन मारलं होतं. निकालात सात वर्षं, पाच वर्षं, तीन वर्षं अशी कलमवार शिक्षा वाचली गेली. घरच्यांनी बाहेर येऊन बेरीज केली आणि थेट पेढे आणले! पहिला पेढा माझ्या तोंडात, दुसरा हातात. मला सांगावंच लागलं, "आजोबा, बेरीज नसते. सगळ्या बरोबरच चालतात. सातच धरा." आजोबांनी शांतपणे माझ्या हातातला दुसरा पेढा काढून घेतला.

पण या सगळ्या तोलाईत एक माणूस मागच्या बाकावरच राहायचा. ज्याची हाडं मोडली तो! साक्षीपुरता त्याला बोलावायचं, साक्ष झाली की त्याचं काम संपलं. शिक्षेच्या वेळी आरोपीला विचारणार, त्याच्या वकिलाला विचारणार, मला विचारणार. त्याला कोण विचारतो? निदान माझ्या काळात तरी तशी रीत नव्हती. म्हणून देवरामची केस सांगते.

देवराम सुरगाण्याच्या डोंगरातल्या एका पाड्यावरचा. काळीपिवळी जीप चालवायचा. नव्वदचं दशक सरत आलं होतं, एसटी दिवसातून एखादी, बाकी सगळा भरवसा जीपवर. तिकडं जीपवाल्यांचा नंबर असतो. पहिल्या नंबरची गाडी भरून निघाल्याशिवाय दुसऱ्यानं एकही प्रवासी घ्यायचा नाही. नंबर मोडणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं उचलणं. त्या दिवशी पहिला नंबर मोतीरामचा होता. मोतीराम म्हणजे देवरामचा सख्खा मामेभाऊ. गाडी अर्धी रिकामी, मोतीराम चहा पीत प्रवाशांची वाट बघत बसलेला. तेवढ्यात एका अडलेल्या बाईला झोळीत घालून आणलं. मोतीराम म्हणाला, "भरू दे गाडी, मग निघतो." देवरामनं ऐकलं नाही. बाईला आपल्या गाडीत घातलं आणि निघाला. मोतीरामच्या गाडीतले चार-दोन प्रवासीही कंटाळून त्याच्यात चढले. बाई नि बाळ दोघं वाचली.

दुसऱ्या दिवशी मोतीराम आणि दोघा साथीदारांनी देवरामला रस्त्यातून उचललं, त्याला आपल्या जीपमध्ये कोंबून घाटात नेलं. एकानं गाडी चालवली, एकानं पाय धरले आणि मोतीरामनं टॉमीनं, म्हणजे चाक खोलायच्या लोखंडी दांड्यानं, त्याचा उजवा हात दगडावर ठेवून ठेचला. "या हातानं स्टेअरिंग धरतोस ना? बघू कसा धरतोस." हे वाक्य देवरामनं साक्षीत सांगितलं तेव्हा कोर्टात पंखा तेवढा वाजत होता. गाडी चालवणारा जो होता, त्यालाच शेवटी भीती वाटली आणि त्यानंच देवरामला दवाखान्यात आणून टाकलं.

हाडं जुळली, पण बोटं जुळली नाहीत. हात मनगटाशी लाकडासारखा, मूठ म्हणून वळत नव्हती. देवरामची बायको हिरा प्रत्येक तारखेला त्याच्याबरोबर यायची आणि त्याच्या उजव्या हातावर टॉवेल टाकून ठेवायची. मला दोघंही ताई म्हणायचे. साक्ष द्यायच्या आधी मी विचारलं होतं, "देवराम, फिरणार नाहीस ना? आपलेच दात आणि आपलेच ओठ आहेत, मोह होईल." तो म्हणाला, "ताई, मी जे झालं तेच सांगेन." आणि सांगितलं की हो! उलटतपासणीत अण्णांनी त्याला सगळीकडून हलवून पाहिलं, पठ्ठ्या ढिम्म हलला नाही.

अण्णा म्हणजे आरोपींचे वकील. आमच्या बारमधले सगळ्यांत मुरलेले. काळा कोट पिवळट पडलेला, तोंडात सदा लवंग. कोर्टात माझ्याशी हाडवैर, कँटीनमध्ये माझ्या चहाचे पैसे स्वतः देणार. मला "मळेवाली" म्हणायचे. "काय मळेवाली, आज किती वर्षं तोडून आणलीस?"

निकालाच्या दिवशी सकाळी मी पायऱ्यांवर उभी होते. आवारात एक जीप येऊन थांबली. त्यातून गावची मंडळी उतरली, मोतीरामची आई, म्हणजे देवरामची मामी उतरली, जामिनावर असलेला मोतीराम उतरला आणि त्यांच्याच मागून उतरले देवराम आणि हिरा! मी बघतच राहिले. आरोपी आणि फिर्यादी एका गाडीत? हिराला बाजूला घेतलं. ती म्हणाली, "दुसरी गाडी नाय मिळाली, ताई." नजर मात्र खाली.

मी दोघांना कँटीनमध्ये नेलं, वडे आणि चहा मागवला. हिरानं लोकांकडं पाठ केली, वडा मोडला आणि त्याच्या तोंडात घातला. देवराम भराभर चावून गिळत होता, चोरून खाल्ल्यासारखा. मी ते पाहिलं आणि निकालाच्या विचारात विसरूनही गेले. शेवटी हिरानंच तोंड उघडलं. "ताई, साक्ष झाली, आमचं काम झालं. आता काय विचारलं तर आमी मिटलं म्हनू. आमाला तिथंच राहायचंय. पानी एकाच विहिरीचं."

पण पुढं विचारायला वेळ नव्हता, पुकारा झाला होता.

तिघेही दोषी! मूठ आवळून मी टेबलाखाली हलकेच आपटली. साहेबांनी तिघांना शिक्षेबाबत विचारलं. मोतीराम म्हणाला, "म्हातारी आई हाय साहेब, मीच बघतो तिला." मागं मामीनं पदर तोंडाला लावला. मी उठले, दहा वर्षं मागितली. ठरवून केलंय, तिघांनी मिळून एकट्याला धरलंय, हत्यार लोखंडी आहे आणि ज्यावर पोटाचा धंदा चालतो नेमका तोच हात निवडलाय. चांगलं बोलले, उगाच विनय कशाला करू!

मग अण्णा उठले. लवंग गालात सरकवली आणि हुकमाचं पान टाकलं.

"साहेब, हा गुन्हा कायद्यानं तडजोडीचा नाही, मला मान्य आहे. पण शिक्षा किती द्यायची याचा विचार करताना एक गोष्ट पाहावी. हे आतेमामेभाऊ आहेत. साक्षी संपल्यानंतर गावात बैठक बसली, चूक मोतीरामनं कबूल केली आणि दोघं एका पंगतीत जेवले. त्यांच्यात पंगतीला बसलं की भांडण संपलं, ही तिथली रीत. फिर्यादी इथंच आहे. साहेबांनी त्यालाच विचारावं. गावानं जे सांधलं ते कोर्टानं उसवू नये."

अरे देवा! ज्या माणसाला कधीच कुणी विचारत नाही, त्याला विचारायला अण्णाच सांगत होते, आणि तेही माझ्या विरुद्ध! साहेबांनी देवरामला पिंजऱ्यात बोलावलं, शपथ दिली. अण्णांनी विचारलं.

"गावात बसून बोलणं झालं ना?"

"झालं."

"पंगत झाली ना?"

"झाली."

"तू बसलास ना? मोतीराम बसला ना?"

"बसलो. तोबी बसला."

अण्णा बसले. माझ्याकडं बघून एक भुवई उडवली. साहेबांनी पेन उचलून काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "मॅडम, तुम्हाला काही विचारायचंय?"

मी उठले खरी, पण डोक्यात काहीच नव्हतं. फितूर झालास म्हणू? झाला नव्हता, खरंच बोलत होता. धमकी दिली का विचारू? नाही म्हणेल, आणि मग कायमचंच गेलं. मागच्या बाकांवर सगळा गाव बसलेला, देवरामच्या पाठीवर सगळ्यांचे डोळे. मी हिराकडं पाहिलं. ती बाकाच्या टोकाला बसून आपल्या पदरानं बोटं पुसत होती. वड्याचं तेल. सकाळी त्याच बोटांनी तिनं त्याला भरवलं होतं.

आणि मला लख्खकन कळलं! अहो, पंगतीत डाव्या हातानं कुणी जेवतं का? आमच्या मळ्यातही नाही आणि तिकडं डोंगरातही नाही. माझा आवाज मलाच चढलेला ऐकू आला.

"देवराम, पंगतीत जेवायला काय काय होतं?"

अण्णा हसले. "साहेब, आता स्वयंपाकाची उलटतपासणी?"

साहेब म्हणाले, "विचारू द्या."

"भात व्हता," देवराम म्हणाला. "कोंबडीचं कालवण व्हतं."

"वाढलं कुणी?"

"मामीनं."

"आणि तू कोणत्या हातानं जेवलास?"

देवरामनं हिराकडं पाहिलं, मग मागच्या बाकांकडं. टॉवेलाखालचा हात जरासा हलला. कोर्टातला कारकून लिहायचं थांबून त्याच्याकडं बघायला लागला.

"ताई, मी जेवलो नाय," तो म्हणाला. "मला भरवलं."

"कुणी?"

"हिरानं." आणि मग न विचारता तो बोलत सुटला. "सगळे आपापल्या हातानं जेवत व्हते. मोती माझ्या समोरच बसला व्हता. लय चांगला जेवला. हिरा घास करायची, मी तोंड उघडायचो, लेकरावानी. कुनी माझ्याकडं बघत नव्हतं. जेवन झाल्यावर इचारलं, मिटलं ना? मी म्हनलो, मिटलं."

अण्णांनी लवंग चावायची थांबवली होती. साहेबांनी पेन खाली ठेवलं, पुढं वाकले आणि सरळ त्यालाच विचारलं, "देवराम, मला सांग. मिटलंय की नाही?"

त्याचं उत्तर मला आजही जसंच्या तसं आठवतं. "साहेब, मिटलं म्हनलो तर गावात राहीन. नाय म्हनलो तर खरं बोललो व्हईन. तुमीच सांगा, काय म्हनू?"

साहेब हळू म्हणाले, "शपथ घेतलीस ना? खरं ते सांग."

"मग नाय मिटलं," देवराम म्हणाला आणि खाली उतरला.

मी फक्त एवढंच म्हटलं, "साहेब, मला आणखी काही सांगायचं नाही." मला, आणि आणखी काही सांगायचं नाही! अण्णा नंतर वर्षभर त्यावरून चिडवत होते.

साहेबांनी दुपारनंतर शिक्षा सुनावली. मोतीरामला सात वर्षं सक्तमजुरी. पाय धरणाऱ्याला पाच. गाडी चालवणाऱ्याला दोन, कारण त्यानं मारलं नव्हतं आणि दवाखान्यात त्यानंच आणलं होतं. तिघांना दंड, आणि दंडातला मोठा हिस्सा देवरामला भरपाई म्हणून. तोंडी सांगताना साहेब म्हणाले, "आरोपीची आई म्हातारी आहे, त्याचा हा पहिला गुन्हा आहे, म्हणून मी दहा वर्षं देत नाही. पण तडजोड झाली म्हणून मी एक दिवसही कमी करणार नाही. ज्याला स्वतःच्या हातानं घास घेता येत नाही, त्याला पंगतीत बसवलं म्हणजे भरपाई झाली, असं मी मानत नाही."

मी तरंगतच बाहेर आले. तीन वर्षं कमी मिळाली म्हणून थोडं फुरंगटलेही होते, खोटं का बोलू. अण्णा मागून येऊन म्हणाले, "मळेवाली, जेवणावरून केस फिरवलीस. पाया पडतो बाई." मी म्हटलं, "पडा." दोघंही हसलो.

आणि पायऱ्यांवर हिरा बसलेली दिसली. शेजारी देवराम, टॉवेल हातावर. बाकीचा गाव लांब जीपपाशी उभा होता, यांच्याकडं पाठ करून. हिरानं वर पाहिलं आणि विचारलं, "ताई, आता घरी कशात जायचं?"

जिंकल्याचा माझा सगळा माज तिथंच उतरला. मी म्हटलं, "एसटीनं जा, मी बसवून देते." ती म्हणाली, "एसटी फाट्यापर्यंत नेईल. पुढं गावात कोन घेईल?" सात वर्षं कशी मागायची हे मला येत होतं. त्या बाईला तिच्या विहिरीवर परत कसं उभं करायचं, याला कुठलंच कलम नव्हतं. मला इतकं हतबल कधी वाटलं नाही. मी तशीच तिच्या शेजारी पायरीवर बसले, काळ्या कोटासकट.

मोतीरामला पोलीस गाडीकडं नेत होते. मामी फडक्यात बांधलेली भाकरी घेऊन त्याच्यामागं धावली. हवालदार भला माणूस, त्यानं थांबू दिलं. तिनं अर्धी भाकरी लेकाच्या हातात दिली, त्याच्या तोंडावरून हात फिरवला. गाडी गेली. म्हातारी तिथंच उभी राहिली. मग वळली ती जीपकडं न जाता सरळ आमच्याकडं आली.

हिरा घाबरून उठली. मीही उठले, आता शिव्याशाप ऐकायची तयारी ठेवून. मामी मात्र एक शब्द न बोलता देवरामपुढं पायरीवर बसली. फडकं सोडलं. उरलेल्या अर्ध्या भाकरीचा तुकडा मोडला, त्याला चटणी लावली आणि त्याच्या तोंडापुढं धरला. देवरामनं तोंड घट्ट मिटून घेतलं होतं.

"त्या दिशी मी वाढलं," मामी म्हणाली. "तुझ्याकडं बघितलं नाय रे, देवा. बघवलं नाय. घे."

हात तसाच धरून ठेवला तिनं. चटणी त्याच्या गुडघ्यावर सांडली. जीपपाशी उभा असलेला गाव हळूहळू वळून बघायला लागला. देवरामनं तोंड उघडलं. घास चावता चावता त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते हिरानं पदरानं पुसलं. मी तर सरळ रडत होते, सरकारी वकील असून!

अर्धी भाकरी संपेपर्यंत मामी भरवत राहिली. मग फडकं झटकून कमरेला खोचलं, गुडघ्यावर हात टेकत उठली आणि जीपवाल्याला आवारभर ऐकू जाईल असा आवाज दिला, "ए, पुढच्या दोन जागा ठेव रे. माझा भाचा यायचाय."